ओल्डरॉइड मास्तरांची माफी

प्रिय रोलंड,

ख्रिसमसला तू पाठवलेल्या कार्डाला मी मे महिन्यात उत्तर लिहिते आहे, तेव्हा ‘माझी बहीण हेस्टर म्हातारी झाली’ असं तुझ्या पॉलीनला एकदाचं सांगून टाक. झालेच आहे. परवा मंगळवारी थॉर्नस्कारवर चढले, तर लहानपणी आपण दोघं जिथून धावत सुटायचो त्या चढावर तीनदा बसावं लागलं. लीड्सकडचं एक जोडपं मागून येत होतं. त्यातली बाई म्हणाली, “आजी, जपून हं, पुढे चढ फार आहे.” मी म्हटलं, “बाई गं, हा चढ मला नको सांगूस. माझा जन्म याच्या पायथ्याचा.” बिचारीने मला चॉकलेट दिलं. घेतलं मी.

जगाच्या त्या दक्षिण टोकाला तुमच्याकडे आता थंडी लागली असेल. पॉलीनचा भाऊ अजून तुला मेंढरांच्या बाजाराला चल म्हणतो का? जाऊ नकोस, मनात नसेल तर. इथे डोंगर आहे तसाच आहे. माथ्यावरची पांढऱ्या चुनखडीच्या सपाट खडकाची फरशी पावसाने धुऊन निघाली आहे आणि तिच्या भेगांमधून नेचे वर डोकावताहेत. रविवारी गाड्या लावायला जागा पुरत नाही, लोक चर्चच्या गडग्यापर्यंत लावतात. चहाचं दुकान आता डग्लसची सून चालवते. स्कोन बरे भाजते, पण चहा म्हणजे नुसतं गरम पाणी.

डोंगरावर मेंढरं आहेत, पण ती आपली नव्हेत. नव्या लोकांनी आणलेली. आपल्या मेंढरांना कुंपण कधी लागलंच नाही. आईमागे फिरत कोकरू शिकायचं, कुठे गवत, कुठे आडोसा, कुठपर्यंत आपलं. आजोबांच्याही आधीपासून ते शिकणं चाललेलं. ही नवी थेट रस्त्यावर उतरतात, मोटारींपुढे उभी राहतात. शेवटी तारा ठोकल्या. थॉर्नस्कारवर तारा, रोलंड. तू पाहिलं नाहीस ते बरं झालं.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या वसंत ऋतूबद्दल आपण कधी बोललोच नाही. तू देश सोडून गेलास तेव्हाही स्टेशनवर पॉलीनच्या खाऊच्या डब्यांबद्दल बोलत होतो. आज बोलू दे मला.

लाळ्या-खुरकुताची बातमी आली आणि सगळ्या वाटा बंद झाल्या. फाटकांना कुलपं, त्यावर ‘प्रवेश बंद’च्या लाल पाट्या, बुटांना चिकटून रोग पसरू नये म्हणून दारात औषधात भिजवलेलं गवत. महिनोन्महिने डोंगरावर बाहेरचं माणूस नाही. आणि एप्रिलमधल्या त्या रविवारी तू खालच्या शेतातून पाहिलंस की कुणीतरी कुलूपबंद फाटकावरून चढून माथ्याकडे चाललं आहे. टोपीवरूनच ओळखलंस, ओल्डरॉइड मास्तर. तीस वर्षं दर रविवारी लीड्सहून बसने यायचे, बायकोला, मार्जरीला घेऊन. ती गेल्यावर तिची राख त्यांनी वरच्या फरशीतल्या एका भेगेत ठेवली होती. त्या रविवारी तिचं वर्षश्राद्ध म्हण हवं तर. माणसाला राहवलं नाही.

तीन आठवड्यांनी ती काळ्या तोंडाची मेंढी लंगडायला लागली. तोंडातून लाळ. तू म्हणालास, “खुरात काटा गेला असेल, काट्यानेच जीभ फाटली असेल. दोन दिवस थांब, हेस.” तू डोंगरावर गेलास आणि मी स्वयंपाकघरातून फोन लावला. मला वाटलं, लपवलं आणि खरं निघालं तर सगळ्या दरीचं पाप आपल्या माथी. गुरांचे डॉक्टर आले, तोंड उघडून पाहिलं, मान हलवली. तपासणीच्या निकालासाठी थांबलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी हुकमाप्रमाणे सगळा कळप मारायला सरकारी माणसं आली. मोठी मेंढरं आधी, कोकरं नंतर. तू आपल्या कुत्र्याला, मॉसला, शिट्टी घालून आपली मेंढरं स्वतः खाली आणलीस, अनोळखी माणसांनी पळवून त्यांना घाबरं करू नये म्हणून. ती तुझ्यावर विश्वास ठेवून आली. चारशे बारा. दुपारी अंगणात एवढी शांतता होती की मला ओढ्याचा आवाज ऐकू आला. आयुष्यभर तिथे राहून तो घरात कधी ऐकू आला नव्हता.

मी फोन केला हे तुला ठाऊक होतं. तरी तू मला शब्दाने बोलला नाहीस. उलट म्हणालास, “तू बरोबर केलंस. चूक त्याची आहे.” सगळा दोष तू मास्तरांच्या पदरात घातलास, आणि मी घालू दिला.

जूनमध्ये ते आले. वाटा बंदच होत्या, डोंगर चढायला नव्हते आले. तुला भेटायला आले होते. ऐकलं तेव्हापासून झोप नाही म्हणाले. बसथांब्यावर अर्धं गाव उभं होतं. तू त्यांची कॉलर धरलीस. “काय मास्तर, जन्मभर पोरांना वाचायला शिकवलंत ना? मग दोन शब्दांची पाटी नाही वाचता आली? ह्या तुमच्या बुटांनी माझी चारशे जनावरं मारली!” ते खाली बसले, नाड्या सोडल्या, बूट तिथेच रस्त्यावर ठेवले आणि मोज्यांवर बसमध्ये चढले. कुणी हसलं नाही. एरवी सगळ्यांची टर उडवणाऱ्या डग्लसनेसुद्धा मान फिरवली.

त्या दिवसाचा तुला पश्चात्ताप झाला का, ते तू कधी लिहिलं नाहीस, आणि मी विचारलं नाही.

परवा मास्तरांची मुलगी आली होती. जिलियन नाव. पन्नाशीची असेल, बापासारखीच उंच. दारात उभी राहून म्हणाली, “बाबा फेब्रुवारीत गेले. राख आईशेजारी ठेव म्हणाले. पण आधी शेतावरच्यांना विचार, ते नको म्हणाले तर मुकाट्याने परत ये, असंही म्हणाले.” मी तिला आत घेतलं. चहा तिने घेतलाच नाही, कप नुसता धरून बसली. मास्तर पुन्हा कधी डोंगरावर चढले नाहीत म्हणे. रविवारी बसने यायचे मात्र, आणि पलीकडच्या बाजूला, नदीच्या पुलावर उतरून तिथल्या बाकावरून डोंगराकडे बघत बसायचे. संध्याकाळच्या बसने परत. अकरा वर्षं, रोलंड. पुलापासून आपलं घर मैलभरही नाही. मला माहीतच नव्हतं. शेवटी शेवटी इस्पितळात परिचारिकेला विचारायचे, “थॉर्नस्कारवर मेंढरं परत आली का हो?”

म्हणून मी चढले. तिच्याबरोबर. भेग तिला बरोबर सापडली. वारा नव्हता. राख ओतून झाल्यावर ती गुडघ्यांवर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “एकच मागते. तुम्ही त्यांना माफ केलं एवढं इथे मोठ्याने म्हणाल का? ते ऐकायला नाहीत, ठाऊक आहे मला.” आणि मी म्हटलं. खणखणीत आवाजात म्हटलं, “मास्तर, तुम्हाला आम्ही माफ केलं.” ती माझ्या गळ्यात पडून रडली. माझे आभार मानले तिने.

आता ते सांगते, ज्यासाठी हे पत्र आहे. सोबत एक कागद आहे. त्या वर्षी जुलैत आला. तू तेव्हा टपाल उघडत नव्हतास, अंथरुणातून उठत नव्हतास, आणि तुझ्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली मी माझ्या एप्रनला शिवली होती. त्या मेंढीच्या तपासणीचा निकाल आहे तो. रोग नव्हता. तिलाही नव्हता, कुणालाच नव्हता. तू म्हणाला होतास तेच, काट्याने जीभ फाटली होती. मास्तरांच्या बुटांना काहीच चिकटलं नव्हतं. जे झालं ते माझ्या फोनने झालं. हे वाचून तू जगणार नाहीस असं वाटलं म्हणून मी तो लपवला. मग तू गेलास, मग वर्षं गेली. तुला सांभाळायला मी एका निरपराध माणसाला अकरा वर्षं त्या पुलावर बसवून ठेवलं, आणि तो मेल्यावर वर चढून त्याला माफीसुद्धा दिली. उद्या सकाळच्या बसने मी लीड्सला जाते आहे, जिलियनला दुसरी प्रत दाखवायला. ती दार लावून घेईल, घेऊ दे. पण तिच्याआधी तुला लिहायला हवं होतं. ती मेंढरं तुझी होती. तू मला काही लिहिलं नाहीस तरी चालेल. त्या मुलीला मात्र दोन ओळी लिही, पत्ता कागदाच्या मागे आहे.

तुझीच,
हेस