‘थांब, सांगते’ या गाण्याला कोणी कात्री लावू नये

मी, खाली सही करणारी, वय पंचाहत्तर, रेडिओ केंद्रावर फिती कापण्याच्या नोकरीतून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या डोक्याविषयी आमच्या थोरल्या दिरांचे मत पहिल्यापासून वेगळे आहे. हे माझ्याकडून कोणी लिहून घेतलेले नाही. याआधी मी काही लिहून ठेवले होते असे कोणी सांगितल्यास ते खरे मानू नये.

कलम पहिले : घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी असा हा ब्लॉक यजमानांच्या पश्चात माझ्या नावावर आहे. मला मूलबाळ नाही. तो माझ्या धाकट्या नणंदेला द्यावा. साठी उलटली तरी घरात तिला बेबीच म्हणतात. सासूसासरे गेल्यापासून ती आमच्याकडेच आहे, आणि गॅलरीतल्या कुंड्या तशाही माझे ऐकत नाहीत, तिचेच ऐकतात.

कलम दुसरे : हत्यारे. टेपचे मशीन, कानाला लावायचे फोन, फीत जोडायची खाचेची पट्टी आणि ब्लेडचा डबा माझ्या भाचीला द्यावा. ती सिनेमाच्या आवाजाचे काम करते, सगळे संगणकावर. ब्लेड जपून धरावे, बोट आधी कापते.

या हत्यारांनी मी काय केले ते सांगते. मोठी माणसे भाषणात खोकत, चुकत, ‘अं अं’ करत. तेवढी फीत कापून टाकायची आणि उरलेली अशी जोडायची की सांधा कानाला लागू नये, ही माझी नोकरी. माझ्या हाताखालून गेलेला एकही पुढारी रेडिओवर अडखळलेला नाही. या कामात माझा हात धरणारे त्या केंद्रात कोणी नव्हते. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही.

कलम तिसरे : गाणे. हे जरा लांबेल.

बेबी बोलताना अडखळते. पहिले अक्षर तिला सोडत नाही. गाताना मात्र गळा मोकळा. म्हणून पाहुणे आले की थोरले दीर तिला सांगायचे, बोलत बसू नकोस, गाऊन दाखव. एकदा ती न गाताच उठून गॅलरीत गेली. मी मागोमाग गेले. ती म्हणाली, “वहिनी, गाताना मी अडखळत नाही ना, म्हणून सगळ्यांना गातानाच बरी वाटते. म-म-मला अडखळतच गायचंय. तू फक्त कापू नकोस.”

त्याच आठवड्यात आतल्या खोलीच्या भिंतींना गाद्या उभ्या केल्या आणि कपडे वाळत घालायच्या काठीला माइक टांगला. बेबी नेहमीसारखी बोलली, “थ-थ-थांब, सांगते.” तेवढी फीत कापून मी तिची टोके एकमेकांना जोडली आणि ते कडे मशीनवर फिरत ठेवले. कडे मोठे होते, म्हणून यजमान समोर उभे राहून पेन्सिलीवर ते ताणून धरत. हात भरून आले तरी हलले नाहीत. ‘थ-थ-थ’ फिरू लागले आणि त्याचा ठेकाच झाला. शेजारचे ड्रमवाले लग्नाच्या पार्ट्यांत वाजवत. त्यांनी ऐकून एवढेच सांगितले, की मी बेबीताईंच्या मागून वाजवीन, पुढे जाणार नाही. त्यावर बेबीने मोकळ्या गळ्याने चाल गायली. एकाच गाण्यात तिचे दोन आवाज, आणि दोन्ही खरे.

गाण्याच्या मध्यावर सगळे थांबते. ड्रम नाही, चाल नाही, फक्त बेबीचा अडलेला श्वास. शब्द कधी येईल ते ऐकणाऱ्याला कळत नाही. मग तो येतो आणि त्याच क्षणी ड्रम कोसळतो. ज्यांच्या छोट्या कंपनीने रेकॉर्ड काढली ते मालक म्हणाले, ती जागा थोडी कमी करा, लोक उठून जातील. मी म्हटले, जाऊ देत.

लोक उठून नाही गेले, रेकॉर्ड घेऊन दुकानात परत आले. सुई अडकते म्हणाले. शेवटी दुकानदाराने गठ्ठ्यावर चिठ्ठी लावली : ‘रेकॉर्ड चांगली आहे. गाणेच तसे आहे.’ वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिले, की एका कुटुंबाने घरातल्या मुलीचे दुखणे चव्हाट्यावर मांडले आहे. ते कात्रण घेऊन थोरले दीर आले. दारातच उभे राहून त्यांनी ते वाचले, आणि बेबी समोर असताना मला विचारले की माझ्या बहिणीचे व्यंग विकायला तुम्हाला काही वाटले नाही का. उत्तर द्यायला बेबीने तोंड उघडले. तिचा शब्द बाहेर येईपर्यंत ते जिना उतरून गेले होते. तेव्हापासून त्यांनी हे दार पाहिलेले नाही.

पुढे केंद्रावरच्या सकाळच्या निवेदिकेने ते गाणे लावले. टेलिफोनवर आमच्या ऑपरेटरबाई होत्या. आधी तक्रारी आल्या. मग असे फोन येऊ लागले की पलीकडे कोणी बोलेचना. मुके फोन ताबडतोब तोडायचे असा नियम होता. पण बाईंनी नुकतेच गाणे ऐकले होते, म्हणून त्या थांबल्या. पलीकडे श्वास होता. मग एक अर्धे अक्षर आले. बाई म्हणाल्या, “सावकाश. मी फोन ठेवत नाही.” त्या माणसाला फक्त गाणारीचे नाव हवे होते. अख्खी सकाळ असे फोन आले, आणि बाईंनी एकही तोडला नाही. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हे सांगितले. बेबीने त्यांच्याकडून सगळे पुन्हा वदवून घेतले, मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.

महिन्याभरात गल्लीतल्या मुली ‘थ-थ-थ’वर दोरीच्या उड्या मारू लागल्या. लग्नांत लोक त्यावर नाचायचे, मधल्या जागेत हात वर धरून जिथल्या तिथे थांबायचे, आणि शब्द आला की सुटायचे.

कलम चौथे : गाण्याचे हक्क. हे सर्व बेबीचे, आणि तिच्यानंतर भाचीचे. अलीकडे एका कंपनीला हे गाणे नव्याने काढायचे आहे, पण अडखळणे ‘साफ’ करून. थोरल्या दिरांच्या मुलाने परस्पर होकारही देऊन टाकला. मला म्हणाला, “काकू, आता हे सगळं दुरुस्त करता येतं.” बाळा, मला तेव्हाही करता येत होते. हा होकार रद्द समजावा. मधली जागा तसूभरही कमी करू नये. जो करील त्याच्यावर भाचीने दावा लावावा. खर्चाची तरतूद वकिलांकडे केलेली आहे.

कलम पाचवे : राहिलेले हिशेब. वर्तमानपत्रातले गृहस्थ हल्ली भाषणांत सांगतात, की हे गाणे त्यांना पहिल्यापासून आवडले होते. त्यांना त्यांच्याच लेखाचे कात्रण चौकटीत बसवून पाठवावे. त्यांच्याकडची प्रत हरवलेली दिसते.

सासूबाईंच्या भिंतीवरच्या घड्याळावर थोरल्या दिरांचा जीव आहे. ते त्यांना द्यावे. मात्र त्यांनी स्वतः येऊन, आत येऊन, खुर्चीत बसून ते बेबीच्या हातून घ्यावे, आणि त्या दिवशीचे तिचे उत्तर शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकून मगच उठावे.

ड्रमवाल्यांना आणि ऑपरेटरबाईंना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे वकील म्हणतात.

येथवरचा मजकूर टाइप केलेला आहे. पुढचा माझ्या हातचा.

सही करण्याआधी हे वाचून दाखवणे वकिलांचे काम होते. बेबी म्हणाली, मी वाचते. ज्याला मिळायचे त्यानेच वाचणे बरे दिसत नाही, असे वकिलांनी सुचवले. मी म्हटले, बरे दिसायचे वय गेले. तिने पहिल्या शब्दापासून वाचले. चहा दोनदा झाला, उन्हे टेबलावरून उतरली. वकिलांनी एकदा तिचा शब्द पुरा करायला तोंड उघडले. ऑपरेटरबाईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. बेबीने सगळे वाचले, काही गाळले नाही. मी सगळे ऐकले, मला समजले, ते बरोबर आहे. म्हणून सही करते.

सही : (मृत्युपत्र करणारी)

आमच्या देखत सही झाली :
१. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
२. शेजारी, ड्रमवादक

ठिकाण : राहते घर, आतली खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी