मंजूच्या झोपाळ्याची चार कडवी

ता. ४ जाने.
मंजूचे लग्न ठरले! ८ फेब्रु. तिकडेच, इंग्लंडात. ती सांगत होती आणि मी इतकी हसत होते की दूध उतू जाऊन चूल विझली. नात म्हणते, "आजी, ऊंजलला मला आपल्या मराठीतलंच गाणं पाहिजे. अप्पा सिनेमातलं लावू म्हणतात. मी नाही म्हटलं." अगे माझे बाई! रघूच्या पोटी जन्मून हे शहाणपण कोठून आले.
ऊंजलचे गाणे म्हणजे, लग्नात नवरा-नवरी झोपाळ्यावर, भोवती बायका. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती मागून ओढायची. ओढली की झोका द्यायचा. मागून कोणी म्हटलेच नाही तर झोका नाही, झोपाळा तसाच उभा. आमच्या ह्या तेरूत, तमिळ गावातल्या मराठी गल्लीत, एके काळी पंधरा बायकांना चारी कडवी येत. आता मी, आणि चोळपुरम्ला सुंदरवन्सं. बस्स.
विमान नको, असे हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. म्हणून मी इकडून गायचे, आणि तिकडच्या मुलींना ओढता यावे म्हणून कडवी त्यांना पडद्यावर दिसायला पाहिजेत. सोपे आहे म्हणाली मंजू. सोपेच असेल.

ता. ७
सेल्वि आली. कोपऱ्यावरचे ब्राउझिंग सेंटर तिचे. चार वाजता बहिणीला बसवून येते. मला पाट्टी, म्हणजे आजी म्हणते. मी फोन पुढे केला तर म्हणाली, "पाट्टी, फोनवरच्या ब्राउझरमधून पडदा दाखवता येत नाही. लॅपटॉप पाहिजे." मग रघूचा जुना लॅपटॉप काढला. त्यावर मी दोन वर्षे आप्पळाम, पापड वाळवायचे कापड ठेवत होते. पुसला. चालला!
त्यात ब्राउझर तीन आहेत. ब्राउझर म्हणजे काय म्हटले, तर म्हणाली, "मीटिंगच्या घरात शिरायचे दार. घर एक, दारे तीन. ज्या दाराने जाल तशी तऱ्हा." मला पटले. तीन जावांत नांदले मी. म्हणून त्यांना नावे ठेवली. थोरली, मधली, धाकटी. पुढे थो., म., धा. असेच लिहीन. हात दुखतो. शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. ही अक्षरे ह्यांनी शिकवली, संध्याकाळी ओट्यावर बसवून. तेव्हां सासूबाई

काय लिहीत होते विसरले. वेत्तिलैवाला, विड्याची पाने विकणारा, आला होता.

ता. ९
धा. उघडली. पडदा दाखवायचा म्हटले तर म्हणते परवानगी द्या. कोठे, तर आत, सेटिंगमध्ये, चार दारे ओलांडून. दिली. तर म्हणते, आता मला पुरती बंद करून पुन्हा उघडा. म्हणजे रुसून माहेरी जाणार आणि मी आणायला जायचे! आणली. तिकडे मंजूला नुसते काळे दिसले. "आजी, ब्लॅक आहे सगळं." एवढे करून काळे. मी आणि सेल्वि पोट धरून हसलो. दुसरे काय करणार.

ता. १२
आज सेल्वि नाही. एकटीने म. उघडली, फोनवर मंजू सांगते आहे. पडदा दाखवा दाबल्यावर विचारते, कोणते दाखवू? सगळा पडदा की एक खिडकी? खाली खिडक्यांची ओळ, प्रत्येकीला नाव. माझ्या गाण्यांच्या वहीचे फोटो मंजूने मागे ज्या फाइलीत घातले, त्याला तिने आजोबांचेच नाव दिलेले.
"आजी, नाव वाच."
"तेच गे."
"तेच म्हणजे?"
"ह्यांचे."
"ह्यांचे म्हणजे कोणाचे? तसं नाव नाही तिथं. दोन राव असतील. एक अप्पांच्या ऑफिसचं. तू नीट वाच ना!"
पंचावन्न वर्षे मी ते नाव तोंडातून काढले नाही, आता कसे काढू. मी म्हटले, ज्याने मला अक्षरे शिकवली. ती म्हणते, "सेल्वि आंटी?" शेवटी मी काही न वाचता सगळा पडदाच दाबला. तर काय दिसावे! पडद्यात पडदा, त्यात पडदा, त्यात आणखी, आणि सगळ्यांत माझाच चेहरा, लहान लहान होत. मंजू हसून लोळली. मीही. पण मग पाहिले तर शेवटच्या डब्यात मी तिळाएवढी. काही बरे नाही वाटले ते.

ता. १६
पोंगलला सुंदरवन्सं बसने आल्या, हातात ऊस, चौऱ्याऐंशीच्या. लॅपटॉप बघून, "वहिनी, ह्या ट्रंकेत बघून गातात का कोठे? आम्ही भांडी घासत शिकलो." मी म्हटले, वन्सं, तुम्ही घासलीत कधी? त्याला सेल्विसुद्धा हसली, तिला आमची भाषा येत नाही तरी.
माझा गळा दुसऱ्या कडव्याला बसतो. म्हणून ठरवले, वन्संचा आवाज सेल्विच्या फोनवर घ्यायचा, लग्नात तो लावायचा आणि वर कडवी दाखवायची. वन्सं गायल्या. "हळू ओढा साखळी, सये, हळू ओढा साखळी." काय आवाज! शेजारची खिडकी उघडली. तीन कडवी सरळ. चौथ्याला थांबल्या. माझ्याकडे बघितले. मी ओठांनी सांगितले तेव्हां पूर्ण जाहले.
जाताना दारात म्हणाल्या, "कोणाचे लग्न म्हणालीस?"
तिसऱ्यांदा.

ता. २०
सेल्विने वन्संचा आवाज वहीच्याच पानात घातला. म. मधून पान जाते, वन्संचा आवाज जात नाही. मंजूला वही दिसते आणि शांतता. सेल्विने तासभर खटपट केली. म. ला पडद्याबरोबर आवाज देताच येत नाही म्हणे. थो. ला येतो, पण सगळा पडदा किंवा खिडकी दाखवली तर नाही, एकच पान, टॅब म्हणतात ते, निवडले तरच. आणि तेही खाली कोपऱ्यात एक बारीक चौकोन असतो, त्यावर खूण केली तर. थोरली जाऊ अशीच होती. सगळे देई, पण कोणत्या डब्यात आहे ते सांगत नसे.
खूण केली. मंजू म्हणाली, "आलं! आजी, आत्याआजीचा आवाज आला!"
एक खोट. पान दाखवले की माणसे जातात. माझ्या पडद्यावर मग पानच. मंजू कोठे बसली, हसते का, काही दिसत नाही. बाजूला बारीक पट्टी येते म्हणाली सेल्वि, पण ह्या जुन्या लॅपटॉपला ती येत नाही.

ता. २५
तालीम. तिकडे मंजूच्या चार मैत्रिणी. त्यांना आमची अक्षरे येत नाहीत, म्हणून मंजूने इंग्रजीत लिहिली. "साखळी"चे त्या काहीतरी भलतेच म्हणतात. हरकत नाही, मी म्हटले, माझीही इंग्रजी तशीच. पण खरी गोष्ट दुसरी. वन्संची ओळ इकडे संपते, तिकडे उशिरा पोचते, त्या ओढतात ते माझ्याकडे आणखी उशिरा येते, तोवर पुढची ओळ सुरू. कोणी कोणाला ओढतच नाही. चार वेळा केले. एक मुलगी जेवायला गेली, दोघी फोन बघत होत्या, आवाजावरून कळते.
मग तिकडे रघू आला. "अम्मा, दोन कडवी पुरे. पाहुण्यांना वेळ नसतो."
मी म्हटले, बरे.

ता. १ फेब्रु.
आज महिन्याचा वीजबंद दिवस, नऊ ते पाच. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. सेल्वि म्हणाली, आठ तारखेस बंद नाही, मी बोर्डात विचारून आले. देव तिचे भले करो.
रघूचा फोन. "एक कडवं ठेवू, अम्मा. जमलं तर." जमलं तर हे मी दोनदा ऐकले.
चोळपुरम्हून भाच्याचा फोन. वन्सं दोन दिवस कोणाला ओळखत नाहीत. गाणे म्हणतात का विचारले. नाही म्हणाला.

ता. ५
मंजूला कामे फार. बोलता बोलता तिकडे कोणी हाक मारते. म्हणाली, "आजी, तू टेन्शन घेऊ नको हं." मी कशाला घेते. मी दोन पातळे काढून ठेवली, अंगूरी आणि पिवळे. कॅमेऱ्यात पिवळे बरे म्हणाली सेल्वि. पान दाखवले की तिकडच्या पडद्यावरही पानच, मी दिसणार नाही हे दोघींनाही ठाऊक. तरी.

ता. ८
संध्याकाळी पाचला बसले, तिकडे साडेअकरा. सेल्वि शेजारी. थो. उघडली. हॉल दिसला! मंजू लाल पातळात, आमची मोठी नथ. झोपाळ्याला मोगरा, तिकडे कोठून मिळाला कोण जाणे. मी जोरात हाक मारली. तिकडून आमचा आवाज बंद होता, सनई चालू. रघूने हात केला, म्हणजे सुरू कर.
एकच पान निवडले. चौकोनात खूण केली. सेल्विनेही बघितली, दोनदा. पान लागले आणि हॉल गेला.
वन्सं गाऊ लागल्या. पहिले कडवे संपले. थांबायचे होते. मी थांबले नाही. मागून ओढणारे कोणी ऐकू येईना, म्हणून मीच ओढू लागले, माझ्या ह्या फुटक्या गळ्याने. वन्सं म्हणतात, मी ओढते. दुसरे. तिसरे. सेल्विला शब्दांचा अर्थ कळत नाही, पण तीही ओढू लागली, "हळू ओढा साकळी." चौथ्याला वन्सं अडखळल्या तेथे मीही अडखळले, आणि सगळे पुरे केले.
सेल्विने दाबले. पान गेले, हॉल आला. झोपाळ्यावर कोणी नाही. बहुतेक जेवायला गेले. एक अनोळखी बाई खालची फुले गोळा करीत होती. झोपाळा मात्र हलत होता, थोडा.
सेल्वि म्हणाली, "पाट्टी, बघा, हलतो आहे. नुकतेच उतरले असतील." मी म्हटले, त्या बाईचा धक्का लागला असेल. ती म्हणाली, नाही. मी म्हटले, असेल.

ता. ९
मंजूचा फोन आला. दमलेली, हसत होती, माझे बाळ. जेवणात काय काय होते ते सांगितले, नवरा पायरीवर कसा घसरला ते सांगितले. गाण्याचे ती बोलली नाही. सेल्वि बाजूने खुणावत होती, विचारा, विचारा.
ऐकले का विचारले तर ती होच म्हणेल, ऐकले असो नसो. म्हणून मी पायरीचेच पुन्हा सांग म्हटले.