आधी टेलला भाजी

सोलापूर,
रविवार, भर दुपार

तीर्थस्वरूप त्रिंबकमामा यांना,
तुमची भाची बुद्धप्रिया हिचा सविनय, पण रागाने लिहिलेला जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामीची कंबर? कालव्याच्या फाट्याला पाणी सुटलं का, आणि सुटलं असेल तर टेलच्या शेवटच्या शेतापर्यंत पोचलं का, की वरच्या बागायतदारांनी यंदाही रात्रीतून मोटारी टाकल्या? आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य पत्रात लिहावं लागतं म्हणून लिहिलं. ते खोटं आहे.) फोन का केला नाहीस, असं तुम्ही विचाराल. केला होता. पण मी मुद्द्यावर आले की आई फोन हातातून काढून घेते आणि तुम्हाला सांगते, "काय न्हाय रं दादा, पोरगी उगं तापलीया, हितं ऊन लई हाय." मामा, ऊन खरंच लई आहे. पण मी उन्हाने तापलेली नाही.

आईच्या पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन पुढे गेलं एवढं तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर गावाला गेलेत म्हणून पुढे गेलं, असं आईने तुम्हाला सांगितलं. डॉक्टर कुठेही गेलेले नाहीत. आईच्या अंगात रक्त नाही म्हणून पुढे गेलं. हिमोग्लोबिन साडेसात निघालं. रक्त वाढल्याशिवाय टेबलावर घेणार नाही, म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या आणि कागदावरून मान वर न करता विचारलं, "घरात पालेभाजी होते की नाही?" आई म्हणाली, "व्हय की, रोज." ती खोटं बोलली नाही. भाजी रोज होते. निवडते आई, धुते आई, फोडणीला टाकते आई. खातं कोण, हे त्यांनी विचारलं नाही. आणि मी, या घरातली पहिली पदवीधर, आहारशास्त्राची बीएस्सी, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प 'जगाच्या ताटातील भाज्या' (त्याला पहिला क्रमांक मिळाला होता, तुम्ही पेढे वाटले होते), शाळाशाळांतून पोषणावर बोलत फिरणारी मी, त्या दिवशी घरी आल्यावर पहिल्यांदा आमच्या स्वतःच्या पातेल्यात डोकावून बघितलं.

आमच्या घरात जेवायचा क्रम असा आहे. आधी अण्णा, कारण त्यांना एसटीच्या वर्कशॉपात ड्युटी असते. (रविवारीही आधी अण्णाच. रविवारी ड्युटी नसते, पण भुकेला सवय असते.) त्यांच्याबरोबर आमचा बुद्धभूषण, कारण तो पोलीस भरतीची तयारी करतो. माझा हा भाऊ गेली दोन वर्षं देशासाठी खातो आहे, देशाने त्याला अजून बोलावलेलं नाही. मग मी, कारण "तिला कामावर जायचंय". मग त्या वेळी जो कुणी दारात उभा असेल तो. आणि सगळ्यात शेवटी आई, गॅसच्या शेजारी, पातेलं पुढ्यात ओढून, भाकरीच्या तुकड्याने त्याच्या कडा पुसत. मामा, आई भाजी खात नाही. आई भाजीचा रंग खाते. आणि आमच्या दारावर पितळी पाटी आहे, अण्णांनी हौसेने करून घेतलेली: 'समता'. ती पाटी दर पौर्णिमेला चिंच लावून घासते कोण, तेही लिहीत नाही.

तुम्ही पाटकरी आहात, कालव्याचं पाणी शेताशेताला वाटता, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. लहानपणी सुट्टीत तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून कालव्यावर न्यायचात. एकदा एक मोठा बागायतदार आडवा आला, "त्रिंबकतात्या, एक रात फाट्याचं दार उघडं ठेव की, कोण बघतंय हितं?" आणि तुम्ही म्हणालात, "आदी टेल, मग तुमी. वरच्याचं भागलं की मग खाली, असं केलं तर खाली कदीच येत न्हाय." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही, फक्त माझा मामा लई मोठा साहेब आहे असं वाटलं. आता कळतं. आमच्या घरी भाजी वरून खाली सोडतात, आणि टेलला आई आहे.

म्हणून मी आधी सोपा उपाय केला. लक्ष्मी मंडईतून एका जुडीच्या जागी मेथीच्या दोन जुड्या आणल्या. आवक वाढली की टेलला पोचेल, असा माझा शास्त्रीय अंदाज. भूषणने तिसऱ्यांदा भाजी घेतली, अण्णा म्हणाले आज झालीय लई भारी, आणि तेवढ्यात भूषणचे पळायला जाणारे दोन मित्र आले. आई म्हणाली, "बसा की रं पोरानू." पातेल्याचा तळ नेहमीपेक्षा लवकर दिसला.

तेव्हा मी ठरवलं की पुरुषांना नको वाटेल अशीच भाजी करायची. यासाठी माझी पदवी उपयोगी पडली. जपानमध्ये पालक नुसता उकळत्या पाण्यात बुचकळतात, गार पाण्यात टाकतात, पिळतात आणि वर भाजलेले तीळ घालतात. तिखट नाही, लसूण नाही, फोडणी नाही. मी तस्सं केलं, आईसाठी वर लिंबू पिळलं. अण्णांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्ये कुनी चावून ठिवलंय का?" भूषणने नुसत्या शेंगाच्या चटणीवर भाकरी खाल्ली. दोघं उठले, पातेलं भरलेलं. मामा, मी आयुष्यात इतकी खूश झाले नव्हते, निकालाच्या दिवशीसुद्धा नाही. मी आनंदाने अंघोळीला गेले आणि तीच माझी चूक. बाहेर येते तर घरभर लसणाचा वास. आईने त्या जपानी पालकाला काळ्या मसाल्याची फोडणी दिली होती, वर मूठभर शेंगाचं कूट, आणि भूषण परत पाटावर बसून ताट पुसत होता. "दीदी, जपानचं सुरुवातीला कळत न्हाय, मागनं चढतं." आई त्याच्यासमोर बसून हसत होती. तिच्या ताटात पालकाचं पाणी होतं.

कोरियाचं फार लिहीत नाही. तिकडे कोबी मीठ-तिखट लावून बरणीत आंबवतात, आणि तो थंड जागी ठेवायचा असतो. सोलापुरात एप्रिलमध्ये थंड जागा म्हणजे न्हाणीचा कोपरा. बरणीचं झाकण मी भक्कम लावलं होतं, ते कौलाला लागून परत आलं. भूषण "सिलेंडर! सिलेंडर!" ओरडत बाहेर पळाला (भरतीच्या मैदानात तो इतका जोरात कधी पळालेला नाही) आणि सगळी गल्ली आमच्या दारात जमली. अण्णा म्हणाले कोबी मेलाय, फेकून द्या. पण शेजारच्या सावित्रम्मा, ज्यांच्याकडे माग आहेत, त्यांनी बोट बुडवून चाटलं, तेलुगूत काहीतरी कौतुकाने बोलल्या, आणि आईने उरलेली अख्खी बरणी त्यांना देऊन टाकली. "बिचारीला आवडलं की गं." म्हणजे बघा, आमचं टेल आता शेजारच्या घरात सरकलं.

आणि आज सकाळी इथिओपिया. तिथे सगळं घर एकाच मोठ्या ताटाभोवती बसतं. आंबवलेलं धिरडं पसरतात, त्यावर पालेभाज्या, डाळी, आणि सगळे एकाच वेळी, एकाच ताटात जेवतात. मला वाटलं, सापडलं! पहिला नाही, शेवटचा नाही, रांगच नाही. मी भाकरीची परात मधोमध मांडली, ज्वारीची धिरडी केली, त्यावर तांदूळजा, मसूर, गाजर-कोबी, आणि आईला दंडाला धरून अण्णांच्या शेजारी बसवलं. ती दातांच्या डॉक्टरकडे बसावं तशी बसली. वातावरण मोकळं व्हावं म्हणून मी माहिती दिली की तिकडे प्रेमाने एकमेकांच्या तोंडात घास घालायची पद्धत आहे. ही माहिती मी द्यायला नको होती. आईचा चेहरा एकदम उजळला. सगळ्या जगाच्या अभ्यासातली एवढीच एक गोष्ट तिला मनापासून पटली. तिने पहिला घास भूषणला घातला, दुसरा अण्णांना, तिसरा मला, परत भूषणला, आणि बघता बघता तिच्या बाजूचं ताट रिकामं झालं, तिने स्वतः एक घास न घेता.

तिथे मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहीत नाही, पण पितळी पाटी काढून भंगारात देईन, हेही त्यात होतं. अण्णा लाल झाले. "मी काय तिच्या तोंडातनं काडून घेतो व्हय? तिलाच इचार की! म्या कवा नको म्हनलो?" आणि मामा, ते खरं आहे. त्यांनी कधीच नको म्हटलेलं नाही. कधी विचारलेलंही नाही. त्यांना फार लागलं हे मला दिसलं, ते अर्ध्या जेवणावरून उठून बाहेर गेले. आई म्हणाली, "मला भूकच नसती गं. शिकलीस म्हनून मला अशी चारचौघात लाजवू नगंस." आणि अण्णांच्या बाजूची उरलेली भाजी तिने वाटीत काढून, त्यांना संध्याकाळी होईल म्हणून, झाकून ठेवली.

मी कुणावर रागावू ते सांगा. मला जगाच्या भाज्या पाठ आहेत, कशात लोह, कशात जीवनसत्त्व, कशावर लिंबू पिळायचं, सगळं. ओट्यापासून आईच्या तोंडापर्यंतचं अंतर मात्र आम्हाला कुणी शिकवलं नाही.

मामीला जय भीम. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमची,
बुद्धप्रिया

ता. क. खरं कारण आता लिहिते. मामा, आईला माहेरी न्या. तुमच्याकडे ती पाहुणी असते, तिला आधी वाढतात, आग्रह करतात, आणि ती खाते, मी लहानपणी डोळ्यांनी बघितलं आहे. महिनाभर ठेवून घ्या. फोन करू नका, ती नाही म्हणेल. पूर्वी लेकीला माहेरी न्यायला मुराळी यायचा तसे स्वतः घ्यायला या. आणि मामी आजारी आहे असं कारण सांगू नका, नाहीतर ती येईल आणि तुमच्याकडे स्वयंपाकाला लागेल.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालताना आईने विचारलं काय लिहिलंस, मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "न्हाय जात मी. मी तितं गेले की वैनी भाजीबिगर जेवती. मागल्या खेपेला बगितलं की. मला दोनदा वाडलं, अन् तिनं चटणीसंगं भाकर खाल्ली. म्हनली, मला भूकच नसती." ते वाक्य आईने लगेच ओळखलं, कारण ते तिचंच आहे. मामा, ती दोन वर्षं माहेरी का आली नाही, ते आज कळलं. ती सांगते तसं भूषणच्या भरतीसाठी नाही. मामीच्या भाजीसाठी. तेव्हा मुराळी म्हणून यायच्या आधी एक काम करा. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेताला टेलपासून पाणी दिलंत. आता घरात द्या. मामी जेवेल, आई जेवेल, आणि पातेलं शेवटी तुमच्याकडे येईल. हे जमणार असेल तरच या. नसेल तर येऊ नका, मी दुसरा देश शोधते.

ता. क. तिसरा. आत्ता अण्णा आत आले. मामाला काय लिवलंस म्हणाले. सांगितलं. म्हणाले, "महिनाभर न्या म्हनावं. बरी होऊन येऊ दे." मला भरून आलं. मग त्यांनी विचारलं, "अन् आमच्या जेवनाचं?" मी म्हटलं, मी करीन की, जपानी पालक, रोज. ते ओट्याकडे गेले आणि एकेक डबा उघडून बघू लागले. त्यांना शेंगाचं कूट हवं होतं, पण ते आई कुठे ठेवते हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. तरी मामा, येताना एक डबा शेंगाचं कूट घेऊन या. मामीने कुटलेलं नको. तुम्ही कुटा.