विहीर पुजण्याआधी

लातूर, आश्विन

प्रिय मुग्धा,

पत्र बघून हसशील. रोज दोनदा फोन करणाऱ्या आईला आता पत्राचं काय सुचलं, असं वरदला विचारशील. पण फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ भलतीकडेच वळते, म्हणून लिहायला बसले. तू बाळंतपणाला येणार म्हणून तुझ्या बाबांनी मागची खोली रंगवून घेतली. पारूबाईनं डिंक, खारका, अळीव आणून ठेवलेत. पाठीत वाकली, पण हुकूम तोच! बाज कुठं ठेवायची यावरून माझ्याशी दोन दिवस भांडली आणि जिंकली.

तुला ती आजी म्हणूनच ठाऊक. भूकंपाआधी आम्ही तिला ओळखतही नव्हतो गं. तू पोटात होतीस. मी औशाकडच्या गावी, माझ्या आईकडं जाणार होते. गणपती बोळवून निघू म्हणून थांबले, आणि बोळवले त्याच रात्री, पहाटे गाव पडलं. आई गेली, घर गेलं, माझं माहेरच गेलं. दवाखान्यातून तुला आणलं ते या तडे गेलेल्या मागच्या खोलीत. सव्वा महिन्यानं विहीर पुजायची, तर ओटी भरायला माहेरचं माणूस कुठून आणू? शेजारी पत्र्याच्या शेडात पारूबाई राहायची. तिची तर लेकच ढिगाऱ्याखाली गेलेली. ती आपणहून आली, तुला पदरात घेतलं आन् म्हणाली, चल पोरी, मी हाय की. विहिरीच्या काठावर हळदकुंकू वाहिलं, पाच खडे पुजले, कळशी भरून घरात आणली. दोघीही पोटभर रडलो. तेव्हाच मी ठरवलं होतं, माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, याच विहिरीवर.

मग शेजारी ट्रान्सपोर्टवाल्याचं आवार झालं, त्यानं जमिनीत डिझेलची टाकी पुरली. पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, आपणही वरच्या खोल्या पोरींना दिल्या. पाण्याला वास येतो हे आधी तूच म्हणालीस. पारूबाई म्हणाली, मेली नाकानं कांदे सोलती. बादलीत सात रंगांचा तवंग दिसला तेव्हा सगळ्यांचीच नाकं जागी झाली. आठवतं, बिलोलीची लुंबिनी चहाचा घोट घेऊन म्हणायची, काकू, साखर बेताची हाय, रॉकेल लई झालं. डॉक्टर व्हायला आलेली पोरगी भूगर्भशास्त्र शिकली, आणि आज आपल्याच विहिरीच्या सफाईचं काम तिच्याकडं आहे. हसावं का रडावं!

गळकी टाकी उकरून काढली, अंगणात तपासणीचे बोअर पाडले. लुंबिनी दर महिन्याला येते, नळी सोडून पाण्यावर डिझेलचा थर किती ते बघते, बाटल्या भरून तपासणीला पाठवते. तो थर पंपानं ओढून काढला, जमिनीत हवा सोडली. त्या घरघरीपायी माझी कितीक वर्षांची दुपारची झोप गेली. गेल्या उन्हाळ्यात पाणी स्वच्छ निघालं, पंप बंद झाला. पारूबाईनं विहिरीची ओटी भरली आणि मी तुला फोन केला. तू येते म्हणालीस, तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? यंदा पाऊस चांगला झाला, विहिरीला पाणी चढलं. सगळं गाव खूश, आणि मी बादलीत वाकून तवंग शोधत बसले. मुरमाच्या फटीत चिकटून बसलेलं डिझेल चढत्या पाण्यात पुन्हा सुटलं. लुंबिनीनं मागच्या खोलीतली हवासुद्धा तपासली, जमिनीतून डिझेलची वाफ तिथंही चढतेय. पाणी आपण जारचं पिऊ गं, पण हवा जारमध्ये कुठून आणायची? मला तर वासही येत नाही, नाक मेलंय. तान्ह्या जिवाला ही खोली नको काकू, असं ती मान खाली घालून म्हणाली. मी तिच्यावरच ओरडले, आणि मग पोहे करून घातले. पंप पुन्हा सुरू झालाय. अजून वर्ष-दोन वर्षं तरी लागतील म्हणते.

म्हणून हे पत्र. येऊ नकोस, मुग्धा. तिकीट रद्द कर. तुझ्या बाळाच्या श्वासापुढं माझ्या हट्टाची काय मातब्बरी! मीच येते. पारूबाईही निघालीय, गाडी लागते तरी. तुझ्या चौथ्या मजल्यावर विहीर कुठली, असं मी म्हटलं, तर तिनं डोळे वटारले. नळ हाय न्हवं? त्यालाच हळदकुंकू वाहू. खडे मात्र तिकडचेच घ्यायचे, इथल्यांना वास मारतोय. मी डोळे पुसत बसले, तशी म्हणाली, रडती कशाला? तुझ्या येळंला माहेर शेडातनं चालत आलं हुतं, आता रेल्वेत बसून यील.

नळ तेवढा घासून ठेव.

तुझीच,
आई