पळून आलेल्याचं मत

वज्रदेह शिबिर, राधानगरीच्या अलीकडं
दि. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकट्या संघर्षचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र बघून घाबरू नको, मेलो बिलो नाही. रविवारी आल्या आल्या सगळ्यांचे मोबाईल काढून पत्र्याच्या पेटीत टाकले आणि कुलूप घातलं. घरी काय कळवायचं असेल तर पत्र लिहा, लष्करात असंच असतंय म्हणाले. दहावीला मराठीत नापास झाल्यापासून मी एवढं लिहिलं नव्हतं. पोटातल्या पावण्याला आत्ताच सांगून ठेव, मामाचं अक्षर हे असं हाय.

तर तुम्ही मला ज्या कामाला लावलंय ते सांगतो. पहिले तीन आठवडे फुकट आहेत, तू राहून बघ आणि माझ्या पाठच्या सूरजला लष्कर भरतीसाठी इथं घालायचं का नाही ते सांग, म्हणालात. मला दोन दिवसांत कळलं. इथं डंबेल नाही, मशीन नाही. लोखंड म्हणशील तर लटकायला एक आडवा पाईप. जोर, बैठका, रांगणं, कोपरावर चिखलातून सरपटणं, सगळं नुसत्या अंगाच्या वजनावर. म्हणजे आपलंच अंग आपण उचलायचं आणि पैसे दुसऱ्याला द्यायचे. गावच्या तालमीत हेच फुकट होतं, वर चुकलं तर वस्ताद पाठीवर हात ठेवून सरळ करायचे. इथं सरळ कोण करत नाही, नुसतं ओरडतात.

चालक धैर्यशील सर म्हणून आहेत. ठिपक्यांची लष्करी पँट घालतात, कमांडो होते म्हणे. कुठल्या पलटणीत, असं मी सहज विचारलं तर मला मैदानाभोवती पळायला लावलं. पळताना रानाच्या कडेला गवा उभा. ताई, काय जनावर ते! खांदा बघशील तर दगडाचा, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, मोजे घातल्यागत. त्यानं जन्मात कधी बैठक मारली नसेल. बघत थांबलो म्हणून आणखी पळवलं.

काय सांगत होतो? हां, पाणी. सराव संपेपर्यंत पाणी देत नाहीत. सीमेवर कोण देतंय, म्हणतात. शेजारच्या खाटेवर ज्ञानू म्हणून एक गडी आहे, गगनबावड्याकडचा. तो काल चक्कर येऊन पडला, तर त्याच्या तोंडावर बादलीभर पाणी मारलं, पण प्यायला घोट दिला नाही. मला हे काय बरं दिसत नाही.

माझं मत लिहून घे. सूरजला पाठवू नका. मी सोमवारी निघून येतो. आईला सांग, पोट भरतंय. आबांना आणि सूरजला जयभीम. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
संघर्ष

*

हातकणंगले
दि. ६ नोव्हेंबर

चि. संघर्ष यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी आलं. मला हल्ली वाकता येत नाही म्हणून पोस्टमन आत येऊन हातात देऊन गेले. आबा शिरोलीहून पहिल्या पाळीचे परत आले, हातपाय धुतले, तेव्हा वाचून दाखवलं. गव्याचं ऐकून आई हसली. आबा हसले नाहीत.

ते म्हणाले, दोन दिवसांत परतीचं बोलतोय यात नवल ते काय. तुझा सगळा पाढा त्यांनी माझ्यापुढं म्हणून दाखवला. फौंड्रीत चिकटवलं तर भट्टीची धग लागती म्हणून आठवड्यात आलास. टँकरवर क्लीनर म्हणून गुजरातला निघालास आणि साताऱ्यातूनच माघारी. बँडमध्ये गेलास ते वरातीतनंच पळालास, अंगावर त्यांचा कोट तसाच. (तो कोट अजून ट्रंकेत आहे. आई म्हणते, बाळाला त्याचं टोपडं करू.) मी तुझी बाजू घ्यायला गेले, पण हसूच आलं. माफ कर.

सूरजची गोष्ट वेगळी आहे. तुला ठाऊक आहे, गेल्या भरतीत तो धावण्यात पहिल्या गटात आला आणि बीमला लटकून खाली पडला. पुढच्या वर्षी वय निघून जाईल. घरात पिठाच्या डब्यावर हात ठेवून तो जोर मारतो, रात्री झोपेत दात खातो. त्याला तेवढी एकच वाट दिसते.

आबांचं म्हणणं असं की, तालमीत एक रीत असते. निकाल लागायच्या आधी जो आखाड्याबाहेर पडला, त्यानं कुस्तीवर बोलायचं नसतं. तीन आठवडे पुरे कर. मग नको म्हणालास तरी आम्ही ऐकू, सूरजही ऐकेल. सोमवारी आलास तर मात्र तो पुढच्या रविवारी तिकडं जाणार, हे नक्की.

तेव्हा रागावू नको आणि टिकून राहा. जपून मात्र कर. इकडची काळजी नको, दिवस भरत आलेत, पण तब्येत बरी आहे. लोभात अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
ताई (संघप्रिया)

*

वज्रदेह शिबिर
दि. १२ नोव्हेंबर

ती. ताईस,
संघर्षचा जयभीम. वि. वि.

सोमवारी पिशवी भरली होती. तुझं पत्र वाचलं आणि रिकामी केली. एवढं आबांना सांग. मी राहिलोय. सूरजसाठी राहिलोय, म्हणजे त्यानं येऊ नये म्हणून.

परवा एक घोळ झाला. सर शिस्तीवर बोलत होते आणि त्यांच्या मागं एक कुत्रं येऊन त्यांच्या बुटावर... जाऊ दे, तुझ्या अशा अवस्थेत लिहीत नाही. मी हसलो. त्यावर मला बैठका. मोजायला ज्ञानूला उभं केलं. उन्हात त्या गड्याचा आकडा चुकला, तर सर म्हणाले, परत एकपासून. पुन्हा चुकला, पुन्हा एकपासून. ज्ञानू शेवटी रडायला लागला. त्याचं रडणं ऐकत मी खालीवर, खालीवर. पाय माझे आहेत हे कळायचं बंद झालं तेव्हा सोडलं.

आता मांड्या अशा फुगल्यात की पँट चढत नाही. बोट दाबलं तर खळगा तसाच राहतोय. संडासला बसता येत नाही, दाराला दोरी बांधून तिला लोंबकळतो. हसू नको. आणि सांगायची लाज वाटते, पण लघवी काळी होतीय. कोऱ्या चहासारखी. सरांना सांगितलं तर म्हणाले, घाण बाहेर पडतीय, चांगलं लक्षण आहे. ज्ञानू म्हणतो दवाखान्यात जा. गेलो तर परत आत घेत नाहीत, असा नियम आहे. मग झालंच की. पळून आला तो आला.

आबांना अंगमेहनतीतलं कळतं. त्यांना विचार, काय करू. ते सांगतील तसं करतो. अजून दहा-अकरा दिवस आहेत. मग घरी येतो, आबांसमोर मांडी घालून बसतो (बसता आलं तर) आणि तोंडानं सांगतो, नको. तेवढं ऐका.

जास्त बसवत नाही. प्रेम असू दे.

तुझा,
संघर्ष

*

हातकणंगले
दि. १५ नोव्हेंबर

चि. संघर्ष यास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

हे पत्र सूरजच्या हातानं पाठवते आहे. तो उद्या तिकडं येतो आहे. आधी पुढचं वाच, मग काय रागवायचं ते माझ्यावर रागव.

तू सोमवारी आला नाहीस, हे आबांना अजून खरं वाटत नाही. फौंड्रीत सगळ्यांना सांगून आले, पेढे नेले होते. ते म्हणतात, ह्या पळपुट्याला ज्यांनी बांधून ठेवलं, त्यांच्यात काहीतरी दम हाय की. आपण ह्याला बापानं बांधून बघितलं, आईनं बघितलं, शाळेनं बघितलं. ते काम त्यांनी दहा दिवसांत केलं. मी तुझं पत्र पुन्हा वाचून दाखवलं, तू कशासाठी राहिलास तेही सांगितलं. ते म्हणाले, तोंडानं काय का म्हणंना, पाय तर तिथंच आहेत. सूरजनं त्याच दिवशी बॅग भरली. दोघं भाऊ एकत्र असाल, एकमेकाला बघाल, असं आई म्हणते. मी एकटी किती बोलणार.

पायांचं आबांना विचारलं. ते म्हणाले, नवीन अंगाला असं होतंच. भरलेल्या मांड्यांवर पुन्हा बैठका मारल्या की मोकळ्या होतात, त्यांच्या वस्तादांनी त्यांना असंच केलं होतं. बसून राहिलास तर जखडशील. लघवीचं आई म्हणते उष्णता असेल, धन्याचं पाणी पी. धने सूरजजवळ दिलेत.

मला मात्र बरं वाटत नाही. गेल्या तपासणीला मी दवाखान्यातल्या नर्सला विचारणार होते, पण तिथं आबा शेजारीच बसले होते आणि भावाची लघवी कशी विचारायची, म्हणून राहून गेलं. तूच दाखवून घे. कोणाचं ऐकू नको.

काळजी घे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

*

सरकारी दवाखाना, कोल्हापूर
दि. २४ नोव्हेंबर

चि. सूरज,
दादाचा जयभीम. वि. वि.

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. तिथं येणारी पत्रं फोडून वाचतात. जोतीराम म्हणून गडी शिबिरात पहाटे दूध घालतो. त्याचा मेव्हणा माझ्या शेजारच्या खाटेवर आहे, म्हणून ओळख झाली. तो तुझ्या हातात देईल. पाणी मारतात तेव्हा भिजवू नको, आधी वाच.

तुला वाटतंय मी त्या दिवशी ढोंग करून पडलो. ताईचं पत्र वाचून आबांनी सांगितल्या तशा मी पहाटे बैठका मारायला घेतल्या आणि तू शेजारी उभा राहून मोजत होतास. चल दादा, चल दादा, म्हणत होतास. तुझा काय दोष नाही, माझाही नाही, आबांनी तर चांगल्यासाठीच सांगितलं होतं. पण इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या ते ऐक. पाण्याशिवाय अंगाच्या पलीकडं मेहनत केली की मांडीचं मांस फुटून रक्तात उतरतं. ते गाळता गाळता किडन्या बसतात. काळी लघवी ती त्याचीच. माझ्या दोन्ही बसल्यात. एक दिवसाआड रक्त धुवायच्या मशीनला लावतात. पुन्हा चालू होतील का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, वाट बघू. सुरुवातीलाच आला असतास तर, एवढं म्हणून पुढच्या खाटेकडं गेल्या.

आबा शिबिराच्या फाटकावर तुला न्यायला आले होते, ते मला कळलं. तू आतूनच म्हणालास की, निकालाच्या आधी बाहेर पडलेल्यानं बोलू नये, आणि दादा काय, कुठं टिकलाय. सरांनी सांगितलं, पोरगा वीस वर्षांचा आहे, त्याच्या मर्जीनं राहतोय. आबा तिथं दुपारपर्यंत उभे होते. मग एसटीनं इथं आले आणि माझ्या पायापाशी बसले, ते अजून बसलेत. कामावर जात नाहीत. आई डबा आणते, तो तसाच परत जातो. काल फक्त माझ्या मांडीवर हात ठेवला आणि लगेच उचलला, चटका बसल्यागत. ताईला अजून पुरतं सांगितलेलं नाही, कधीही कळा सुरू होतील.

ज्ञानू रविवारी भेटून गेला. तो शिबिर सोडून आलाय. तुझ्याही मांड्या भरल्यात आणि तू त्यांच्यावरच बैठका मारतोस, असं म्हणाला. सूरज, उद्या सकाळी लघवीकडं बघ. लाजू नको, नीट बघ.

आबांचं तू ऐकत नाहीस, कारण त्यांचीच रीत तू त्यांना सांगितलीस. माझं ऐकणार नाहीस, कारण मी पळपुटा. मान्य. मी पळपुटाच आहे, त्यामुळं मला एक काम येतं जे तुला येत नाही, तेवढं शिकून घे. मुदपाकखान्याच्या मागं भिंत पडलेली आहे, तिथं काटे टाकलेत, ते काठीनं डाव्या अंगाला सरकतात. पहाटे शिट्टीच्या आधी सर अंघोळीला असतात. बूट हातात घे, पायात घालू नको, खडीवर वाजतात. मोबाईल, बॅग, प्रमाणपत्र काही मागू नको, मागायला थांबला तो अडकला. ओढ्याच्या काठानं खाली उतरलास की रस्ता लागतो. जोतीराम तिथं गाडी उभी करून विडी ओढतो, त्याला सांगून ठेवलंय. पाय दुखत असतील तर पळू नको, नुसता चाल. चालत पळालं तरी ते पळणंच असतं.

पहिल्या खेपेला फार लाज वाटते. वाटतं, सगळं रान आपल्याकडंच बघतंय. मी सांगतो, कोण बघत नसतं. भरती पुढं होईल न होईल, मला त्यातलं कळत नाही. पण दवाखान्याच्या दाराशी आलास की आबांना वर हाक मार. हळू मार, दचकतात.

सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, ती आज पाळत नाही. लोभ घरात भरपूर आहे, घ्यायला ये.

तुझा,
दादा