तेरेझियाचा दोदोलो

मी, अम्ब्रुश केलेचेन्यी, वय एकाहत्तर, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार नॉजकनिझा, पूर्ण शुद्धीत असून कोणाच्याही दडपणाखाली नसताना (बायकोचे आहे, पण ते कायद्याला चालते) हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. भाषा मुद्दाम तेरेझियाची, म्हणजे हंगेरियन ठेवली आहे.

घर, द्राक्षमळा आणि बँकेतली शिल्लक पत्नी तेरेझिया हिची. एस्पेरांतोची पुस्तके आमच्या मंडळाला. मंडळाचे चिटणीस बार्नाबाश यांना माझी छत्री. तशी ती त्यांचीच आहे.

मुलगी विल्मा हिला मी जन्मापासून एस्पेरांतोत वाढवले. जग जोडण्यासाठी रचलेली भाषा ती. आमच्यात बसून कोणी आपली घरची भाषा बोलला की आम्ही त्याला 'मगर' म्हणून चिडवतो. माझ्या जेवणाच्या टेबलाशी मगर एकच होती, आणि स्वयंपाक तीच करायची. याची मला लाज वाटते.

तेरेझिया दोदोल्ले करायची: बटाट्याचे गोळे, कांद्यावर खरपूस परतलेले. आमच्या भाषेत त्यांना नाव नव्हते. पाच वर्षांच्या विल्माने आईचाच शब्द उचलून एस्पेरांतोतल्या सगळ्या नामांसारखा शेवटी 'ओ' लावला. एक असला तर दोदोलो, पुष्कळ असले तर दोदोलोय, हवे असले तर दोदोलोयन. तेरेझिया हसून म्हणाली, "चला, माझा एक तरी शब्द आत घेतलात." त्या आठवड्यात तिने स्वतःहून एस्पेरांतोचे पहिले पुस्तक हातात धरले.

पुढे मंडळाच्या शब्दकोशाच्या मसुद्यात तो शब्द आला, तेव्हा मीच तो खोडला. शेरा दिला, 'खेडवळ'. बार्नाबाशने ही गंमत आमच्याच टेबलाशी, तिच्यादेखत सांगितली. तिने पुस्तक मिटले. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात जेवते, आणि तो शब्द या घरात कोणी काढत नाही. दोष बार्नाबाशचा नाही, माझा आहे.

म्हणून विल्माने माझ्या पश्चात आईशेजारी बसून त्याच शब्दाने वाढून मागावे व माझ्या वतीने माफी मागावी.

इथवर मोठ्याने वाचून पाहत होतो. तेरेझिया दारातून म्हणाली, "अहो, मेल्यावर पोरीला कशाला पाठवता? तुमच्या तोंडाला काय झालंय?"

सबब वरील कलम रद्द. हे काम वारसांवर सोपवलेले नाही. सही झाली की मी माझे ताट घेऊन स्वयंपाकघरात जात आहे.

अम्ब्रुश केलेचेन्यी (सही)
साक्षीदार: लाझार फुर्को, सुतार, शेजारी (सही)
दुसऱ्या साक्षीदार: डॉ. इल्दिको पाताकी (सही)
नॉजकनिझा, १४ ऑक्टोबर १९७८