सपाट न येणारी रेघ

वानकायो,
९ जून २००९

प्रिय साबीनाताई,

तू, भावोजी आणि पोरं मजेत असाल. इथं डोंगरात यंदा जूनच्या थंडीनं कहर केलाय, पहाटे नळ गोठतो. आईची बटाट्याची काढणी उरकली. तिची कंबर धरलीय, पण ऐकते कुणाचं? तुझ्यासाठी एक पोतं बाजूला ठेवलंय, त्याला कुणी हात लावला की ओरडते.

माझी बातमी म्हणजे लिमाहून विद्यापीठाची माणसं आली होती. आम्हा पळणाऱ्या बायकांच्या पायांचं मोजमाप केलं. पोटरी-मांडीवरची लव काढायची, स्पिरिटनं कातडी चोळायची, गोल चिकटपट्ट्या लावायच्या आणि फिरत्या पट्ट्यावर पळवायचं. स्नायू आवळला की त्यातली बारीकशी वीज पडद्यावर रेघ होऊन उमटते. बघण्यासारखं असतं गं! एकीची पोटरी पाऊल टेकायच्या आधीच जागी होते, दुसरीची टेकल्यावर. आमची टेओफिला तर सगळा भार मांडीवरच टाकते. डॉक्टर मिरेया म्हणाल्या, "दोघींचं कधी सारखं निघत नाही. एकीचीच दोन पावलं सारखी नसतात, तर दोघींची कुठून असणार?"

फाउस्तिनोला हे पटेना. नवरा आणि प्रशिक्षक एकच असला की बाईला सुट्टी नसते, हे तुला ठाऊक आहेच. तो म्हणाला, "ते ठीक आहे हो मॅडम, पण बरोबर कुणाचं?"

"बरोबर असं एक काही नसतं."

"मग हिला टेओफिलासारखं पळायला शिकवायचं कसं?"

"कशाला? ही स्वतःसारखी छान पळते की."

मला हसू फुटलं. ते त्यानं पाहिलं.

मग शेवटची तपासणी. पाय सैल सोडून नुसतं उभं राहायचं, रेघ सपाट यायला हवी. माझी येईना. थरथरत राहिली. डॉक्टरबाईंनी वायर बदलली, पट्ट्या बदलल्या, तरी तेच. तेवढ्यात फाउस्तिनोला फोन आला म्हणून तो बाहेर गेला, आणि रेघ सपाट. तो परत आला. मी वळूनही पाहिलं नव्हतं, नुसते त्याचे बूट वाजले, तर रेघ पुन्हा उसळली.

"बिघडलंय तुमचं यंत्र," तो म्हणाला.

"असेल," म्हणत बाईंनी पडदा बंद केला. पट्ट्या सोडवताना मान खाली ठेवूनच हळूच विचारलं, "मारतो का?"

मी म्हटलं, "छे हो, काळजी फार करतो माझी." त्याच्याबद्दलचं तुझंच वाक्य, ताई.

त्या हसण्याबद्दल घरी काय झालं ते लिहीत नाही. डाव्या कानानं अजून कमी ऐकू येतं. फोन त्याच्याकडेच असतो. सरावाला तो मोटारसायकलवरून शेजारी, बाजारात शेजारी, चर्चमध्ये शेजारी. मला श्वास घ्यायलाही त्याची परवानगी लागते असं वाटतं. गेल्या वर्षी तुझ्याकडे पळून आले, तेव्हा तू मला सूप पाजलंस, पांघरूण घातलंस आणि त्याला फोन केलास. तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण तो न्यायला आला तेव्हा माझी पिशवी तूच भरून दिलीस. त्या गोष्टीचा माझा राग अजून गेलेला नाही.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुमच्या अरेकिपात शर्यत आहे. शर्यतीत त्याला मोटारसायकल आणता येत नाही, तो शेवटच्या रेषेपाशी थांबणार. तेवढाच वेळ मी त्याच्या नजरेआड असते. रस्ता तुझ्या गल्लीच्या तोंडावरून जातो. मी आजवर एकही शर्यत अर्धी सोडलेली नाही, पण ही सोडणार आहे, पहिल्या नंबरावर असले तरी.

तुझ्याकडे राहणार नाही, तो आधी तिथंच येईल. डॉक्टरबाईंना माझं 'छे हो' पटलं नव्हतं; पट्ट्या सोडवतानाच त्यांनी मला राहता येईल असा लिमातला एक पत्ता हळूच पाठ करून घेतलाय. मला फक्त एक स्वेटर हवा, आणि भावोजींनी त्यांच्या टॅक्सीनं बसपर्यंत सोडावं.

हे पत्र बाजारात काढा विकणारी देल्फिनामावशी पेटीत टाकेल. उत्तर पाठवू नकोस, ते त्याच्याच हाती पडेल. म्हणजे तू काय ठरवलंस ते मला तुझ्या गल्लीपाशी आल्यावरच कळणार. टॅक्सी उभी दिसली तर वळेन. नाही दिसली तर थांबणार नाही, तशीच पळत राहीन. पुढे तो उभा असेल.

तुझी धाकटी,
रोसेंदा